होटगीला उतरलेला माणूस

बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. सोलापूरहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये मी एका इंग्रजी सिनेमावरून लिहिलेली कादंबरी वाचत होतो. समोरच्या पिकल्या केसांच्या माणसाने विचारलं, "काय हाय वो त्यात?"

"एक माणूस पुढच्या काळात जाऊन येतो. लोकांना पटत नाही. ते त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात."

"माजं उलटं झालं की," तो शांतपणे म्हणाला. "मला इस्पितळात टाकलं, म्हनून मी पुढच्या काळात आलो. बरा झालो, आता सोडलं. गेलो तवा लेक रांगत हुती."

होटगीच्या फलाटावर साडीतली एक तरुणी लगबगीने त्याच्यापाशी आली. "अप्पा," म्हणाली.

त्याने तळहात आधी गुडघ्यापाशी धरला. मग तिच्याकडे बघत तो हळूहळू वर नेला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

गाडी हलली तरी मी खिडकीतून बघतच राहिलो.