भिंतीवरच्या कळा

माघातली एकादशी, सकाळचे आठ. खिशात तीन हजार दोनशे रुपये. दौंडच्या आमच्या दोन खोल्यांत हजर दोघंच: दिवस भरलेली माझी मुलगी आणि मी.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणलं होतं. पण माहेरात आई नव्हती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. शिरूरची माझी धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी यायची होती. तिचाच फोन आला.

"दादा, पोरीला कळा येत्यात."

"मी इथं भिंतीपल्याड बसलोय. मला न्हाई सांगितलं ते!"

"बापाला सांगत्यात व्हय असलं? आता घड्याळ घे. कारखान्यात उसाच्या ट्रॉल्या मोजतोस ना, तशा कळा मोज."

परवाच्या कळा पाणी पिऊन, जरा चालल्यावर थांबल्या होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. आजच्या थांबत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, खऱ्या कळा ठरावीक वेळानं येतात आणि जोर धरत जातात. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या, अशा तासभर आल्या की निघायचं. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर थांबायचंच नाही.

ठरलं असं, की कळ आली की मुलीनं आतून भिंत ठोकायची, गेली की पुन्हा. बारा मिनिटं. दहा. पुन्हा बारा. मधे ती फेऱ्या मारायची, तेव्हा हिरव्या बांगड्या वाजायच्या. घरात एखादी बाई असती तर केव्हाच आत गेली असती.

"श्वास सावकाश सोड," मी भिंतीला सांगितलं.

"व्हय," भिंत म्हणाली.

पुढं पाच-पाच मिनिटांवर आलं. तास भरायला दहा मिनिटं कमी होती आणि मी ती भरायची वाट बघत होतो. भिंत एकदा वाजली. दुसऱ्यांदा वाजलीच नाही.

"आप्पा, आत या!"

ती खाटेची कड धरून वाकली होती. मी कमरेवर तळहात टेकवला.

"खाली. अजून जोरात दाबा." तिनं माझं मनगट घड्याळासकट आवळलं. "आता मोजू नका. रिक्षा आणा."

दिवेलागणीला दवाखान्यातली आया दुपट्यातलं बाळ घेऊन बाहेर आली.

"मुलगी झाली. बाईमाणूस कोण हाय? कुणाच्या हातात देऊ?"

बाकावर मी एकटाच होतो.

"मीच हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बसा मग नीट. मानंखाली हात घाला."

रिक्षावाल्याला शंभर दिले होते. आयाला पाचशे दिले. बाळाची आजी असती तर तिनं आयाला साडी दिली असती, म्हणून साडीचे वेगळे पाचशेही आयालाच दिले.