पऱ्हाटीतले मासे

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता, तरी प्रवाळ कसं असतं हे लेकीला समजावून सांगण्यात मी सर्वांत पुढे होतो. ती सातवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला निळा डॅमसेल मासा दाखवायचा होता. अंगठ्याएवढा जीव, प्रवाळाच्या फांद्यांत राहतो, मोठा मासा आला की आत शिरतो. सगळ्यांपुढे बोलायची तिची ती पहिलीच वेळ. आठवडाभर तिला धड जेवण जात नव्हतं.

वर्ष कापसाच्या वाईट दिवसांतलं. घाटंजीच्या आमच्या वावरात बोंडं थोडी अन् पऱ्हाटीच जास्त. कापसाचा वेचा संपला की ती वाळकी झाडं उपटून चुलीसाठी घरी येतात. मला त्यांच्यात प्रवाळ दिसलं. एक झाड चिखलाच्या गोळ्यात रोवून पाटावर उभं केलं, चुन्यानं पांढरंशुभ्र रंगवलं, कोहळ्याच्या बिया निळीत बुडवून मासे म्हणून फांद्यांच्या टोकांना चिकटवल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी पाट रिकामा. न्हाणीत पाणी मात्र कढत होतं.

"आई, इथली पऱ्हाटी?"

"पाणी तापवलं. तुले आंघोळ नाही करा लागत काय?"

"तो समुद्र होता."

"मले काय मालूम? चुना सांडला असन म्हटलं. बिया ठेवल्या न वाटीत काढून. बी कोणी जाळते काय?"

आता लेक रडणार, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती चाचरत म्हणाली, "बाबा, पांढरं पडलं म्हणजे प्रवाळ मरायला लागलेलं असते. चांगलं असलं की भुरकट असते. तुम्ही एवढं मन लावून रंगवत होते, म्हणून बोलली नाही."

आईनं परसातल्या ढिगातून दाट फांद्यांची दुसरी पऱ्हाटी आणली. मी वाटी घेऊन पुन्हा टोकांकडे वळलो, तर लेकीनं ती काढून घेतली आणि एकेक बी पार आत बसवली.

"दिसन काय त्या?" आई.

"दिसायच्याच नाहीत, आजी. लपल्या आहेत."

शाळेत तपासायला आलेले सर वाकले, चष्मा सावरला. "मासे कुठे आहेत?"

लेकीनं मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"आत आहेत, सर," ती हळू म्हणाली. "तुम्ही मोठे आहात ना. जरा मागे व्हा, मग निघतील."

सर खरंच मागे सरकले. मीही सरकलो.

दुपारी तिनं डबा पूर्ण संपवला, माझ्यासाठी बांधलेला चिवडाही.