मागून ढकलणारीची बक्षिशी

केमिरेंबेचे गुडघे गेले, म्हणून तिच्या जागी माझी ओरिशाबा जंगलात जायला लागली. नाहीतर कॉलेजात शिकणाऱ्या पोरीनं सुट्टीत गोरिला बघायला आलेल्यांच्या सॅका उचलाव्यात, हे मला कुठं पटत होतं?

केमिरेंबे आमची शेजारीण. ब्विंडीच्या जंगलात तिनं जन्मभर हमाली केली. पाहुण्याची सॅक पाठीवर घ्यायची, चढ आला की तळहात त्याच्या पाठीला लावून त्याला वर रेटायचं. "गोरिला वाटाड्या दाखवतो गं," ती म्हणायची, "पण पाहुणा तिथवर पोचतो तो आमच्या हातावर. बक्षिशी हाताची असते."

हमालीतली तिची जोडीदारीण न्याकाटो. नेच्यांच्या उभ्या चढावर पाय सटकून ती दरीत गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अधूनमधून एखादा पाहुणा उतरल्यावर दोन वेगळ्या नोटा पुढं करतो. "ही तुझी. आणि ही त्या दुसरीची. मागून ढकलत होती ती. हात फार गार होता तिचा." दुसरी कुणी नव्हती, असं आमचे हमाल कधीच सांगत नाहीत. दोन्ही हातांनी नोट घेतात, तिच्या वतीनं आभार मानतात, आणि न्याकाटोच्या म्हाताऱ्या आईच्या घरी साखर-साबण पोचवतात.

हे ओरिशाबाला कुणी सांगितलंच नव्हतं. परवा ती हसत हसत घरी आली.

"आई, एक बाई मला दुसरीची बक्षिशी देत होती. मी म्हटलं, मॅडम, मी एकटीच होते. उगाच कशाला घेऊ?"

केमिरेंबे अंगणात बुशेरा, आमची ज्वारीची आंबील, पीत बसली होती. तिनं पेला खाली ठेवला.

"तिच्यासमोर नाही म्हणालीस?"

"कुणासमोर?"

"अगं शहाणे, तुझी मजुरी कुणी अशी नाकारली असती तर?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ओरिशाबाची आई, उद्या पोरगी त्याच चढावर जाणार आहे ना?"

मी ओरिशाबाला न्याकाटोचं सगळं सांगितलं, नको जाऊस म्हटलं. ती ऐकते थोडीच! "तू शाळेत मुलांना विज्ञान शिकवतेस ना, आई?" असं म्हणून सकाळी गेली.

मी साखर आणि साबण घेऊन न्याकाटोच्या आईकडं गेले. म्हातारी दारातच बसली होती.

"काल काही आलं नाही," ती म्हणाली. "रागावली काय पोर माझ्यावर?"

"नाही हो, आजी. तिनंच पाठवलंय. जरा उशीर झाला."

"काम फार असेल," म्हातारी साबण हुंगत म्हणाली. "मेली म्हणून बसून थोडीच राहणार आहे? लहानपणापासून तशीच."

दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. जंगलाच्या बाजूनं ढग उतरत होते. खडू हातातच राहायचा आणि मुलं मागून म्हणायची, "बाई, पुढं?"

संध्याकाळी ओरिशाबा आली. धड होती, पण हसत नव्हती.

"चढावर पाय सटकला माझा," ती म्हणाली. "मागून कुणीतरी धरलं आणि वर रेटलं. थँक्यू म्हणायला वळले, आई, तर मीच रांगेत शेवटची होते."

तिनं माझ्या हातात एक नोट ठेवली. "ही तिची. आजच्या पाहुण्यानंही दिली. दोन्ही हातांनी घेतली मी."

तिचा शर्ट धुवायला घेतला. पाठीवर चिखलाचा पंजा होता, बोटं वर केलेला. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला. माझ्यापेक्षा लहान होता तो. चिखल कधीच वाळला होता, तरी कापड तेवढ्याच जागी गार लागत होतं.

नोट म्हातारीकडं पोचवून आले. ओरिशाबा उद्या पुन्हा जाणार आहे. शर्ट मी धुतला नाही. तोच घालून जा, असं तिला सांगितलंय.