साडूंचा तहानलेला देव

देवाशी उभा दावा मांडून पुन्हा दर रविवारी त्याच्याच घरी पहिल्या बाकावर जाऊन बसणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे बिडकीनकडचे, हयात एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून गेली, आता पुंडलिकनगरात एकटेच राहतात. निवृत्त होताना त्यांनी शिट्टी शाळेत जमा केली, आवाज मात्र घरी घेऊन आले.

चर्चमध्ये आम्ही सगळे डोळे मिटून प्रार्थना करतो. साडू ताठ उभे, डोळे टक्क उघडे. एका पाळकांनी त्यांना हटकलं, तर म्हणाले, “तुमच्याशी डोळे मिटून बोललो तर तुम्हाला चालंल का? मग त्याला कसं चालंल?” जेवणापूर्वी आम्ही अन्नाबद्दल देवाचे आभार मानतो, साडू आधी वर बघून विचारतात, “तू जेवलास का?” आणि उत्तरासाठी खरोखर थांबतात. तेवढ्या वेळात भाकरी मोडायची कुणाची टाप नसते. नरक तर त्यांनी कधीच मोडीत काढला आहे. “मी बी पोरांना उन्हात उभं करायचो,” ते सांगतात, “पण घंटा झाली की सोडायचो. जिथं घंटाच व्हत नाय, ती कसली शिक्षा? असली शाळा माझ्या देवाची नाय.”

त्यांचं खरं भांडण मात्र एकाच शब्दाशी. उपासनेत विश्वासाचा अंगीकार सगळी मंडळी एका सुरात म्हणते, आणि त्यात देवाला ‘सर्वसमर्थ’ म्हटलेलं आहे. तो शब्द आला की साडू खोकतात. खोकला असा खणखणीत, की शब्द त्याच्यात वाहून जातो. “सर्वसमर्थ असता तर वधस्तंभावरून पाणी मागायची पाळी आली असती का त्याच्यावर?” हा त्यांचा सवाल. बरीच वर्षं हे कुणी मनावर घेतलं नाही. पण रविवारच्या शाळेतली मुलं अंगीकार पाठ म्हणताना नेमकी त्या जागी खोकायला लागली, तेव्हा चर्चच्या पंचांची बैठक बसली. बैठकीत साडूंना औषध घेण्याचा सल्ला देण्यात आला. साडू म्हणाले, “हा खोकला घशाचा नाय, मताचा हाय.” मी स्वतः कुठल्याही शब्दाला खोकत नाही. मला उपासना आटोपून वेळेत घरी जायचं असतं.

त्यांच्या दारात एक माठ असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आमच्या शहरात नळ कधी येईल याची बातमी पाहुण्यांच्या बातमीपेक्षा जास्त विचारली जाते. अशा गावात हा माणूस पदरमोड करून रस्त्याला पाणी पाजतो. टँकरवाला चाचा हसून म्हणतो, “मास्टर, खुद के नहाने को पानी नई, और दुनिया को पिला रहे!” साडूंचं उत्तर ठरलेलं, “नहाना बाद में. प्यास रुकती नई.” एखाद्या वाटसरूनं पाणी पिऊन ‘पुण्य लागेल’ म्हटलं, की लगेच डाफरतात, “पुण्य-बिण्य इथं मिळत नाय. तहान लागली ना? मग पी अन् नीघ.”

सगळं शहर त्या माठाचं पाणी प्यायलं असेल, माझी बायको सोडून. ताई गेली त्या दिवशी दवाखान्यात ही तिच्या उशाशी होती. ताईनं पाणी मागितलं, आणि साडूंनी दिलं नाही. डॉक्टरांची मनाई होती, हे हिलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि विसरणं वेगळं. सणावारी ती त्यांच्याकडे जायची, ख्यालीखुशाली विचारायची, आणि समोर आलेला पेला तसाच ठेवून उठायची. साडू तो पेला मुकाट्यानं आत न्यायचे. एरवी कुणालाही न आवरणारा हा माणूस तेवढ्यापुरता गरीब व्हायचा.

आमच्याकडे गुड फ्रायडेला दुपारभर उपासना चालते. येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ते सात कोण, हे पंच आणि पाळक मिळून ठरवतात. दुसऱ्याच्या भाषणात घोरणाऱ्यांनाही तिथं संधी मिळालेली आहे. साडूंना कधीच नाही. ते दर वर्षी पाचवा उद्गार मागत, तहानेचा. “हयातीत एकदा मला तिथं उभं राहून बोलायचंय,” एवढंच म्हणत. यंदा नवे, तरुण पाळक आले. ते तयार झाले, पण एका अटीवर: अंगीकारात ‘सर्वसमर्थ’ स्पष्ट म्हणायचं. निरोप घेऊन गेलो मीच.

“मग ऱ्हाऊ द्या,” साडू म्हणाले.

“अहो, एक शब्द तर आहे.”

“जे मानत नाय ते आधी बोलायचं, अन् मग जे मानतो ते सांगायचं? त्याला कोणत्या तोंडानं भेटू मी?”

मी तो जबाब जसाच्या तसा पाळकांच्या कानावर घातला. त्यांनी वक्त्यांची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, “द्या त्यांना पाचवा. खोकल्याचं माझं मी बघतो.”

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बायको नको-नको म्हणत आली आणि बायकांच्या बाजूला मागं बसली. साडू उभे राहिले, डोळे उघडे ठेवून.

“पाचवा उद्गार लई लहान हाय. त्याला तहान लागली व्हती, बास. माझ्या बायकोनं शेवटल्या दिवशी पाणी मागितलं. डॉक्टर म्हणला, देऊ नका. मी ड्रिल मास्तर, हुकूम पाळला. ओठ बी ओले केले नाय. ती गेली. तवापासून मला सगळे सांगतात, देवाची मर्जी, तो सर्वसमर्थ हाय. असंल तुमचा. माझा देव त्या खाटंवर तिच्या शेजारी पडला व्हता, अन् तो बी पाणीच मागत व्हता. मी दोघांनाबी दिलं नाय. मला हाच देव पाहिजे. ह्याला पाखंड म्हणायचं तर खुशाल म्हणा.”

ते खाली बसले. पुढं अंगीकार सुरू झाला, तो शब्द आला. मी खोकल्याची वाट पाहिली. साडू खोकले नाहीत, शब्दही उच्चारला नाही. ते नुसते ओठ घट्ट मिटून उभे राहिले. त्या क्षणी मला त्यांचा फार हेवा वाटला. इतक्या वर्षांत मी देवाला एकही प्रश्न विचारला नव्हता.

बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, “गाडी पुंडलिकनगरला घ्या.” आम्ही पोहोचलो तेव्हा साडू कुलूप काढत होते. ती आत गेली नाही. माठापाशीच उभी राहिली. तांब्या तिच्या हाताशी होता, पण तिनं तो उचलला नाही.

“दाजी,” ती म्हणाली, “लई तहान लागलीय.”

साडूंनी तांब्या भरला. तिनं ओंजळ पुढं केली. मुलांच्या रांगा काठीसारख्या सरळ करणाऱ्या त्या हातांना पाण्याची धार सरळ धरता आली नाही, निम्मं पाणी पायरीवर सांडलं. त्या आठवड्यात गल्लीत नळ आला नव्हता. ती ओंजळभर प्यायली. ओला हात तिनं डोळ्यांवरून फिरवला. साडूंनी तांब्या पुन्हा माठात बुडवला.

“अजून घे,” ते म्हणाले.