श्री. एस. एन. व्ही. व्ही., नाशिक

मंगल दीक्षित गेली हे सांगणारा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. इंदिरानगरात आमची घरं दोन गल्ल्या सोडून, शाळेत तीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. मला आधी तिचा रागच आला. आदल्या संध्याकाळी तासभर बोललो होतो... अशी न सांगता कुठं जाते ही?

मंगलला आयुष्यभर एकच गोष्ट खात होती. तिचे वडील, अण्णा, रामकुंडावर यात्रेकरूंची धर्मकृत्यं करायचे. एकदा अमेरिकेचे एक मुत्सद्दी, तेव्हा दिल्लीत राजदूत असलेले, नाशकात आले आणि अण्णांनी त्यांना यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असलेल्या जुन्या वह्या दाखवल्या. साहेब चांगले तासभर बसले. त्यानंतर अण्णा ज्याला त्याला सांगत, "साहेबांना पत्र घातलंय, उत्तर येईलच." ते काही आलं नाही. एकदा यजमानांच्या देखत बारा वर्षांची मंगल म्हणाली, "अण्णा थापा मारतात." सगळे हसले, अण्णाही हसले, पण पुढे मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. "ओरडले असते तरी चाललं असतं गं," मंगल मला म्हणायची.

निवृत्तीनंतर तिला कळलं, की त्या साहेबांचे सगळे खासगी कागद तिकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेत आणि त्यांची यादी इंटरनेटवर आहे. बाई हात धुऊन त्या यादीच्या मागे लागली. चहा गार, भाजी करपलेली, आणि ही आपली कुठल्या खोक्यात कुणाची पत्रं ते वाचतेय. दीक्षित काही सापडेनात. मी म्हटलं, "सोड आता, टाकलंच नसेल अण्णांनी पत्र." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझं चुकलंच.

तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्या शेजारी जाऊन बसले. यादीत एक नाव दिसलं, 'एस. एन. व्ही. व्ही., नाशिक'. हे कोण मद्रासकडचे गृहस्थ, म्हणून आम्ही हसलो, आणि हसता हसता मंगलनं ते नाव पुन्हा मोठ्यानं वाचलं. "अगं, हे स.न.वि.वि. आहे..." सप्रेम नमस्कार विनंती विशेष. अण्णांनी इंग्रजी पत्राच्या डोक्यावरही ते घातलं असणार, त्याशिवाय पत्र सुरू होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. खाली सही मात्र ते नेहमी देवनागरीत करायचे, लफ्फेदार. ती कुणाला वाचता येणार? साहेबांच्या माणसांनी वरचंच नाव धरलं.

ग्रंथालयानं पानांचे फोटो पाठवले. अण्णांचं पत्र होतं. साहेबांचं उत्तरही होतं, तुमच्या वह्यांपाशी बसलो तो तास मी विसरलेलो नाही असं लिहिलेलं, आणि सोबत त्याचा लिफाफा... 'श्री. एस. एन. व्ही. व्ही., पंचवटी, नाशिक.' त्यावर पोस्टमनचा लाल शाईतला शेरा, 'या नावाचे कोणी नाही. परत.' उत्तर गावात येऊन माघारी गेलं होतं. मंगल ढसाढसा रडली. मीही रडले.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी होते. दुपारी पोस्टमन स्पीड पोस्ट घेऊन आला. पत्ता मंगलच्या अक्षरात, पाठवणारीही मंगलच. साहेबांच्या उत्तराची प्रत काढून तिनं ती अण्णांच्या पूर्ण नावानं, आपल्याच घरच्या पत्त्यावर टपालात टाकली होती.

"त्र्यंबक विष्णू दीक्षित इथंच राहतात का?" पोस्टमननं विचारलं.

"हो, इथंच," मी म्हटलं आणि सही केली.