मी ज्याला केंजी म्हटलं

सुशी खायला बंगळूरला जाते म्हटलं की ऑफिसातले हसतात. हसोत बापडे. कुठल्याही गावी जायचं ठरलं की मी आधी जपानी हॉटेल शोधते, मग राहायची जागा. कोचीत, हैदराबादेत, अगदी पणजीतही हेच केलं. पण ही पोस्ट हौसेची नाही. दोन वर्षांपूर्वी मी बंगळूरच्या एका सुशी हॉटेलवर लिहिलं होतं आणि ते वाचून तुमच्यापैकी बरेच जण तिथं जेवूनही आलात. त्या पोस्टची मला लाज वाटते. का, ते सांगायला बसले आहे.

पुण्याहून स्लीपर बसनं सकाळी यशवंतपूरला उतरले. तिथून मेट्रोनं राजाजीनगर जवळच. तिथं सुमनअक्का राहते, आईची मामेबहीण. तिच्या सासरचे लोक कित्येक पिढ्या बंगळूरचेच, त्यामुळे तिच्या मराठीत कानडी कुठं सुरू होते ते तिलाही कळत नाही.

"स्वल्प कॉफी घे, मग आंघोळ कर," ती म्हणाली. "आणि ते कच्चे मासे खाऊन पोट बिघडलं तर मला सांगू नकोस."

दुपारी एकटीच एम. जी. रोडजवळच्या एका जपानी खानावळीत गेले. जपानी कंपन्यांतली माणसं इथं जेवायला येतात, तेव्हा साडेबाराच्या आत पोचा, नाहीतर ताटकळाल. ताटात भात, मिसो सूप, भाजलेला मासा आणि मुळ्याचं लोणचं, सहाशेच्या आसपास. शेजारचे दोघं जपानी मजेत आवाज करत नूडल्स ओरपत होते. मीही नूडल्स मागवून तशाच ओरपायला गेले आणि असा ठसका लागला की त्यांनीच पाणी पुढं केलं. जपान आपल्याला फार कळतं असं मला वाटत होतं, तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काबरोबर चिकपेटेत साड्यांच्या ढिगात दोन तास गेले आणि संध्याकाळी तिला घेऊन 'त्या' हॉटेलात. खरं सांगते, तिला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. काउंटरवर बसून ही चटणी मागेल अशी धास्ती होती. पण काकडीचीही सुशी असते हे ऐकून ती पदर खोचून तयार. राजाजीनगरहून हिरव्या मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथं बदलून जांभळीनं इंदिरानगर. संध्याकाळी ऑटोच्या नादी लागू नका. काउंटरवर सहाच खुर्च्या आहेत, आधी फोन करावा लागतो.

दारातच माझी पोस्ट चौकटीत लावलेली, खाली इंग्रजी भाषांतरासकट. "खास जपानी उस्तादाच्या हातची सुशी. माणूस मोजकंच बोलतो, शिस्तच ती." मी अशी फुगले की चौकटीशेजारी उभं राहून अक्काला तीन फोटो काढायला लावले.

शेफ तोच होता. या वेळी छातीवर 'केंजी' अशी पट्टी होती. मी कमरेत वाकले आणि माझे पाठ केलेले चार जपानी शब्द म्हटले. तो "हाय" म्हणाला, जपानीत हो म्हणतात तसं, आणि खाली मान घालून सुऱ्या पुसायला लागला. मी फोटो काढत राहिले. अक्का शांतपणे खात होती. दोन तुकडे झाल्यावर भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना विचारते तेच तिनं त्याला विचारलं.

"निन्न ऊरु याऊदप्पा?" म्हणजे, बाबा रे, तुझं गाव कुठलं?

मी तिला कोपरानं ढोसलं. "अक्का, ते जपानचे आहेत."

त्यानं आधी गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मिझोराम, अम्मा. इल्लि हन्नोंदु वर्ष आयतु." इथं येऊन अकरा वर्षं झाली होती त्याला.

पुढचं तो माझ्याशी हिंदीत बोलला. नाव रेमा. जपान त्यानं पाहिलेलंही नाही. इथंच एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली सात वर्षं शिकला. पूर्वी काउंटरवर गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा; मी तेव्हा नुसतं जपानीच झाडलं, म्हणून माझ्याशी तेवढा मोजकं बोलला होता. माझी पोस्ट आली, लोक 'तो जपानी' कुठं म्हणून विचारायला लागले, तेव्हा मालकानं पट्टी लावली आणि बजावलं, लोकांसमोर बोलायचं नाही.

"पहले मैं बहुत बोलता था, मॅडम," तो म्हणाला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. चेहरा पाहिला आणि देश ठरवून मोकळी झाले. दिल्लीत मला कुणी 'तुम साउथवाले' म्हटलं तर मी अर्धा तास भांडते. आणि इथं याचं बोलणं गेलं, नाव गेलं, ते माझ्या दोन वाक्यांनी.

उठून मालकाकडे गेले. म्हटलं, "ती चौकट काढाल का? त्यात चूक आहे."

"मॅडम, लोक तेच वाचून येतात," तो हसून म्हणाला.

मी "बरं" म्हणाले. एवढंच. आल्यापावली दाराकडे निघाले.

अक्का मात्र मागं राहिली होती. तिनं रेमाकडून त्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला. मग दारात वळून सगळ्या टेबलांवर ऐकू जाईल असं म्हणाली, "रेमा, होगि बर्तिनप्पा." येते रे. लोकांनी माना वर केल्या. मालकही बघायला लागला. रेमानं सुरी खाली ठेवली आणि मोठ्यानं उत्तर दिलं, "होगि बन्नि, अम्मा." जाऊन या.

मेट्रोत ती मला रागावली नाही. मॅजेस्टिकला गाडी बदलताना फक्त म्हणाली, "एवढी गावं हिंडतेस, पण माणसाला त्याचं गाव विचारत नाहीस होय?"

पुण्याला येऊन पहिल्यांदा ती जुनी पोस्ट काढून टाकली. चौकट अजून तिथंच असेल, ती काढणं माझ्या हातात राहिलेलं नाही. ही पोस्ट टाकण्याआधी रेमाला फोनवर हिंदीत सांगत सगळी ऐकवली आणि नाव लिहू का म्हणून विचारलं. "होटल का नाम मत डालिए," तो म्हणाला. "मेरा डालिए." मग म्हणाला, "सब लिखा, मॅडम. चावल कैसा था, वो नहीं लिखा."

सुशी म्हणजे आधी भात. सात वर्षांतली पहिली दोन त्यानं नुसता भातच केला होता. मी आठवून पाहिलं. दोन्ही खेपांना काय खाल्लं त्याचे फोटो आहेत माझ्याकडे, भात मात्र आठवेना.

शेवटी अक्काला फोन केला.

"कोमट होता गं," ती लगेच म्हणाली. "दाणा न दाणा वेगळा कळत होता, तरी सुटत नव्हता. चांगल्या हाताचा भात. का, तू खाल्ला नाहीस?"