न फाडलेली पानं

आबा गेल्याची बातमी मला सरदारपूरच्या बाजारात कळली. घोड्यांसाठी चंदी पाहत होतो. धारहून आलेला माणूस बाजूला चला म्हणत हात ओढू लागला. मी खेकसलो त्याच्यावर... मग कळलं. पाठचा भाऊ माझा. मी धारच्या पागेत जन्म काढला, दोन इयत्तांपुढे गेलो नाही. तो शिकला, मास्तर झाला, जुन्या शिळांवरची अक्षरं वाचू लागला.

एका शिळेचं वाचन त्याने छापलं. त्यावर पुण्याच्या मासिकात कुणा विद्वानाने लिहिलं, की धारच्या मास्तरांनी हे एका इंग्रजी निबंधातून उचललं आहे. खाली टीप : विलायती मासिकाच्या नावाची तीन अक्षरं, खंड, पान. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला चोर म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "दे उत्तर ठोकून. तो निबंध पाहिलाच नाही म्हणावं."

"दादा, ते कोण मानेल? आणि वाचल्याशिवाय मी लिहू तरी काय?"

झालं. त्या तीन अक्षरांवरून मासिकाचं नाव लावण्यात पावसाळा गेला. ग्रंथालयांची सूचिपत्रं मागवायची, ओळीवर बोट ठेवून खाली खाली यायचं, मान हलवायची. शेवटी देवासला गेला. थोरल्या पातीच्या, म्हणजे तिथल्या थोरल्या राजाच्या, ग्रंथालयात मासिक होतं, नेमका तो खंड नव्हता. अंगात ताप घेऊन परतला. मी रागावलो, तर म्हणतो, "पुढच्या खेपेला धाकट्या पातीत पाहतो." तीच शेवटची भेट.

तेरावं आटोपून मीच गेलो. देवासात राजे दोन, तशी पुस्तकांचीही वाटणी. धाकट्या पातीच्या कारकुनापुढे आबाच्या हातची चिठ्ठी ठेवली. सूचिपत्र चाळत तो हसला, "रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीत, जाऊन आलात ना? सब पहले वहीं जाते हैं, भिया."

"भिया कुणाला म्हणता? तुमचा भाऊ नाही, धारच्या पागेचा जमादार आहे मी."

"मग जमादारसाहेब, बसा तरी."

त्या खंडाचे सुटे अंक त्याने धूळ झटकून आणले. विलायती अंकांची पानं कडेला जोडलेली येतात, वाचणाऱ्याने ती फाडून घ्यायची, हे आबामुळे मला ठाऊक. टिपेतलं पान घडीच्या आत बंद होतं. सबंध अंकच तसा, कुणाची सुरी न लागलेला. माळव्यात हा खंड आणखी कुठे असल्याचं त्या कारकुनाला माहीत नव्हतं, आणि आबा माळव्याबाहेर कधी गेला नव्हता.

कारकुनाने सुरी काढली. "आत काय आहे, वाचून दाखवतो."

मी त्याचा हात धरला. "एक पान फाडलंत, तर माझा भाऊ चोर ठरेल."

अंक आहे तसाच ठेवण्याचं वचन घेऊन आलो. ज्यांना शंका असेल त्यांनी देवासला जावं, ती जोडलेली पानं डोळ्यांनी पाहावी. एवढ्यासाठीच हे लिहायला बसलो.

पण घरी कोनाड्यात आबाची पानं फाडायची सुरी आहे, बांबूची, त्यानेच तासलेली. नवं पुस्तक आलं की ताट निवून जायचं, पण ती हातातून सुटायची नाही. तिच्याकडे नजर गेली की तो विचारतो, "दादा, काय लिहिलंय आत?"... आणि मला सांगता येत नाही.